खेळाडू 'स्वतःला सुधारण्या'बद्दल बोलतात तेव्हा नक्की काय सांगतात?

राखीव_खेळाडू (धागाकर्ता)

सामना संपतो, माइक पुढे येतो आणि पुढची दोन मिनिटं कुठल्याही खेळात, कुठल्याही देशात सारखीच असतात. प्रोसेसवर विश्वास आहे, एका वेळी एकच सामना, जे हातात आहे तेवढंच बघतो, अजून बरंच सुधारायचंय. जिंकलेला हेच म्हणतो, हरलेलाही हेच. आवाज बंद करून चेहरे पाहिले तर जास्त कळतं.

पण मधूनच एखादा असं काही बोलून जातो की कान टवकारतात. फेडररचं जून २०२४ मधलं अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभातलं भाषण घ्या. एकेरीचे १५२६ सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले. आणि पॉइंट्स किती जिंकले? ५४ टक्के. म्हणजे वीसेक वर्षं टेनिसवर राज्य केलेला माणूस जवळपास दर दुसरा पॉइंट हरत होता. गेलेला पॉइंट सोडून द्या, हा सल्ला कुणीही देतं. त्याने तो स्वतःचा हिशेब मांडून दिला, म्हणून लक्षात राहिला. त्याच भाषणात त्याने आपल्या 'सहज' खेळाची मिथकही मोडीत काढली: लोकांना जे सहज दिसतं ते तसं दिसावं म्हणून किती घाम गाळला ते सांगितलं, आणि तरुणपणी एका प्रतिस्पर्ध्याने 'पहिले दोन तास रॉजर वरचढ असेल, नंतर मी' असं जाहीरपणे म्हटल्यावर ते किती झोंबलं तेही.

तर प्रश्न असा: खेळाडू स्वतःच्या मापदंडांबद्दल, सुधारणेबद्दल जे चारचौघांत बोलतात ते तुम्ही कितपत मनावर घेता? कुणाचं बोलणं खरं वाटलं, आणि कशावरून?

(फेडरर मोठा की जोकोविच यासाठी वेगळे धागे आहेत. ते कधी संपत नाहीत, हेही ठाऊक आहे.)

---

तिरपागडा

अजिबात मनावर घेत नाही. कारण एकच, लान्स आर्मस्ट्राँग.

बूट कंपनीची ती जुनी जाहिरात आठवते का? लोक विचारतात मी काय घेतो. मी तर दिवसाचे सहा तास सायकलवर असतो, तुम्ही काय घेता? अंगावर काटा यायचा. २०१२ मध्ये टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये साहेबांनी टीव्हीवर बसून कबुली दिली. शिस्त आणि मेहनतीवरचं इतकं पटणारं बोलणं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. आता बोला.

---

राखीव_खेळाडू

तिरपागडा, मुद्दा कडक आहे. पण गंमत अशी की सहा तास सायकल चालवणं बहुधा खोटं नव्हतं. औषधं घेऊनही ते सहा तास चालवावेच लागतात. वाक्य खरं आणि माणूस खोटा, हे एकाच वेळी असू शकतं.

---

तिरपागडा

>>वाक्य खरं आणि माणूस खोटा

म्हणूनच तर म्हणतो, वाक्यांचा संग्रह करू नका. मायकल जॉर्डनची ती नऊ हजार चुकलेल्या फेकींची आणि जवळजवळ तीनशे हरलेल्या सामन्यांची कबुली लोक भिंतीवर लावतात. तीही १९९७ ची बुटांचीच जाहिरात होती. आकडे त्याचे, शब्द जाहिरात लिहिणाऱ्यांचे, आणि विकायचे होते बूट. अपयशाची कबुली हासुद्धा एक माल आहे, आणि चांगला खपतो.

---

मंदगती

मी हौशी धावणारा, त्यामुळे माझा कल घड्याळाकडे. मला अविनाश साबळेचं बोलणं नेहमी खरं वाटत आलंय, कारण तो सेकंदांत बोलतो.

३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची शर्यत) मधला गोपाल सैनी यांचा १९८१ चा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला होता. साबळेने २०१८ मध्ये ८:२९.८० वेळ दिली. सैनींपेक्षा सेकंदभराने पुढे. कुणी तिथेच आयुष्यभराचा सत्कार घेत बसला असता. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ वर आला. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद! ज्यांनी एखाद्या शर्यतीत एक सेकंद कमी करायचा प्रयत्न केलाय त्यांनाच कळेल हे काय आहे.

मधे २०२२ चं बर्मिंगहॅम राष्ट्रकुल. ८:११.२० वेळ, रौप्य, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. १९९४ नंतर पहिल्यांदाच त्या शर्यतीच्या पदकांवर केनियाबाहेरच्या धावपटूचं नाव लागलं.

आणि पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. महिन्याभरापूर्वी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिलेला माणूस अकरावा! आता सांगा, तो सुधारला की हरला? बातम्यांत एकच उत्तर होतं. घड्याळात दुसरं.

---

अलगद

वाचतेय. मंदगतींचा प्रतिसाद आवडला.

---

चौथा_अंपायर

क्रिकेटशिवाय धागा कसा पुढे जाणार, म्हणून आलो.

जानेवारी २००४, सिडनी. सचिन त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर बाद होत होता. ४३६ चेंडू खेळून नाबाद २४१, आणि कव्हर ड्राइव्ह जवळपास मारलाच नाही. ज्या फटक्यासाठी लोक तिकिटं काढायचे तो कपाटात ठेवून आला. माझ्या मते खेळाडूने स्वतःला घातलेला याहून मोठा नियम क्रिकेटमध्ये पाहिलेला नाही. पण बघा, आधी एक अक्षर बोलला नव्हता. आपल्याला कळलं ते बॅट बघून. सविस्तर तो बोलला ते खूप नंतर.

दुसरं टोक कोहली. ऑगस्ट २०२२ मध्ये, आशिया चषकाच्या तोंडावर, त्याने सांगितलं की दहा वर्षांत पहिल्यांदाच महिनाभर बॅट हातात घेतली नाही, आणि आपण गेले काही दिवस आक्रमकपणाचं सोंग आणत होतो हे ध्यानात आलं. कोहलीने हे बोलावं! ज्याची सगळी प्रतिमा त्या आक्रमकपणावर उभी आहे, त्याने. पुढच्याच महिन्यात अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद १२२, जवळजवळ तीन वर्षांनी आलेलं आंतरराष्ट्रीय शतक.

तिरपागडांचा निकष लावला तरी या बोलण्यातून काही विकलं जात नव्हतं. उलट तोटाच.

---

तिरपागडा

कोहलीचं मान्य. स्वतःच्या ब्रँडला तडा देणारं बोलणं मी खरं धरतो. पण असं वर्षातून किती वेळा ऐकायला मिळतं?

---

नेत्रपल्लवी

इथे सगळे एक गृहीत धरून चाललेत की खेळाडूने मनातलं बोलणं म्हणजे चांगलं आणि ठरावीक बोलणं म्हणजे ढोंग. मला ते पटत नाही.

हरल्यावर थोड्याच वेळात, अंगावरचा घाम वाळायच्या आत, वीस अनोळखी माणसं तुम्हाला विचारतात की आज नेमकं काय चुकलं. प्रश्न तोच आणि उत्तर उद्याचा मथळा. अशा वेळी 'एका वेळी एकच सामना' हे वाक्य चिलखत आहे. ते खोटं नसतं आणि त्याने कुणाला दुखापत होत नाही. ग्रँड स्लॅम स्पर्धांत पत्रकार परिषद सक्तीची असते. नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये मनःस्वास्थ्याचं कारण देऊन ती नाकारली, १५ हजार डॉलर दंड झाला, स्पर्धेबाहेर काढण्याचा इशारा मिळाला, आणि दुसऱ्या फेरीआधी तिने माघार घेतली. म्हणजे गप्प बसण्याची सोय नाही आणि खरं बोललं तर त्याची किंमत. मग माणूस साचेबद्ध बोलणार नाही तर काय करणार?

जिम्नॅस्ट सायमन बाइल्सचं उदाहरणही इथे हवं. टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर तिला हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाली. हवेत आपण नेमके कुठे आहोत याचं भानच जातं, जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात. त्या अवस्थेत पुढची उडी म्हणजे मान मोडण्याचा धोका. ती थांबली आणि का थांबले ते तिने सांगितलं. तेव्हा घरात बसून 'लढायला हवं होतं' म्हणणाऱ्यांची संख्या आठवा. तिच्या मापदंडात 'कुठे थांबायचं' हेही होतं, आणि पॅरिसला तीन सुवर्ण, एक रौप्य घेऊन परतली. (पदकं मिळाली नसती तरी तिचा निर्णय बरोबरच होता. हे वेगळं सांगावं लागतं हेच दुखणं आहे.)

---

चौथा_अंपायर

ताई, शेवटच्या कंसाशी शंभर टक्के सहमत. यशाने मागच्या निर्णयाला शिक्का मारायची आपली सवय वाईट आहे.

---

पळता_भुई

मी मुलांना खेळ शिकवतो. कुठला खेळ ते महत्त्वाचं नाही. या धाग्याचा विषय माझ्याकडे रोज संध्याकाळी मैदानावर चालत येतो.

मुलं मुलाखती बघतात आणि वाक्यं जशीच्या तशी उचलतात. तेरा वर्षांचा मुलगा पहिल्या फेरीत हरून येतो आणि म्हणतो, 'सर, प्रोसेस बरोबर होती, रिझल्ट आपल्या हातात नाही.' मी विचारतो, कुठली प्रोसेस? शांतता. व्यावसायिक खेळाडूच्या तोंडी त्या शब्दामागे वर्षानुवर्षांची वही असते. कितवा सेट, कुठला कोन, झोप किती, दुखतंय कुठे. मुलाच्या हाती फक्त शब्द येतो.

एलियुड किपचोगेचं 'माणसाला मर्यादा नाही' हे घोषवाक्य जगभर टी-शर्टांवर गेलं. व्हिएन्नात ऑक्टोबर २०१९ मध्ये १:५९:४० मध्ये मॅरेथॉनचं अंतर पूर्ण केलं तो काळ. पण तोच माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक सरावाची नोंद वहीत हाताने करतो, आणि शिबिरात इतरांबरोबर स्वच्छतागृह साफ करण्याची पाळी लावून घेतो. घोषवाक्य सगळ्यांनी उचललं. वही कुणी उचलली नाही, कारण ती दिसायला कंटाळवाणी आहे.

म्हणून मी एक नियम केलाय. हरल्यावर 'कमी पडलो', 'मेहनत वाढवीन', 'फोकस नव्हता' हे चालणार नाही. एक गोष्ट सांगायची जी मला उद्या डोळ्यांनी बघता येईल. 'डावीकडे जाताना पाय क्रॉस होतोय' हे चालेल. सुरुवातीला मुलं चिडतात, कारण मोठ्या शब्दामागे लपायला छान जागा असते.

---

अलगद

पळता_भुई सर, हा नियम कार्यालयातल्या वार्षिक मूल्यमापनाला लावला तर अर्धे फॉर्म कोरे येतील :)

---

आडवाटेचा

चर्चा छान आहे, थोडा खडा टाकतो.

एक, माइक कुणापुढे येतो? जे टिकले त्यांच्यापुढे. तितकीच वही लिहिणारे, तितक्याच लवकर उठणारे शेकडो जण पात्रता फेरीतच बाद झाले. त्यांचं तत्त्वज्ञान कुणी विचारत नाही. त्यामुळे 'मी हे केलं म्हणून इथवर आलो' या कुठल्याही वाक्यातल्या 'म्हणून'वर माझा फार विश्वास नाही. 'मी हे केलं' इतकं मान्य.

दोन, ध्येय जाहीर करण्याबद्दल. पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांचा २००९ मधला शोधनिबंध आहे. 'मला अमुक व्हायचंय' या प्रकारचा इरादा दुसऱ्या कुणी दखल घेऊन ऐकला, तर त्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी मेहनत कमी केली. ज्यांचा इरादा कुणाच्या लक्षात आला नाही त्यांनी जास्त केली. थोडक्यात, सांगितल्यानेच निम्मं झाल्यासारखं वाटतं. प्रयोग खेळाडूंवर नव्हता, त्यामुळे फार ताणू नये. पण चौथा_अंपायर यांनी सांगितलेला सिडनीचा मौनाचा किस्सा वाचताना हेच आठवलं.

---

मंदगती

दुसऱ्या मुद्द्याला उलट उदाहरण देतो. नीरज चोप्राला ९० मीटरने किती वर्षं छळलं! टोकियोचं सुवर्ण ८७.५८ ला आलं. २०२२ मध्ये स्टॉकहोमला ८९.९४, म्हणजे सहा सेंटिमीटर कमी. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न. पॅरिसला ८९.४५ वर रौप्य, सहापैकी तो एकच वैध प्रयत्न, बाकी पाच फाउल. त्याने कधी आकडा टाळला नाही. अजून मोठी फेक अंगात आहे, दुखापत सांभाळतोय, तंत्र बदलायचंय, असं सरळ बोलत राहिला. मग ज्याच्या नावावर ९८.४८ चा विश्वविक्रम आहे त्या यान झेलेझ्नीलाच प्रशिक्षक नेमलं. मे २०२५, दोहा: ९०.२३.

आणि त्या दिवशी तो दुसरा आला. शेवटच्या फेरीत ज्युलियन वेबरने ९१.०६ टाकला.

वर्षानुवर्षं जाहीरपणे मागे लागलेला आकडा मिळाला त्याच दिवशी स्पर्धा हरली, याहून स्वच्छ उदाहरण कुठे मिळेल? आकडा त्याचा, क्रमांक दुसऱ्याच्या फेकीवर अवलंबून.

---

आडवाटेचा

हे चांगलं सापडलं. पण फरक बघा, नीरज 'मी महान होणार' असं सांगत नव्हता. मोजपट्टीवरचा आकडा होता, रोज खोटा ठरू शकणारा. गोल्विट्झर यांचा मुद्दा ओळखीशी जोडलेल्या इराद्यांचा आहे. तेव्हा आपण दोघंही बरोबर, असं म्हणून सुटका करून घेतो.

---

चौथा_अंपायर

बास्केटबॉलपटू यानिस अँटेटोकुनम्पोचा किस्सा अजून कसा आला नाही? एप्रिल २०२३. त्याचा संघ मिलवॉकी बक्स, एनबीएच्या साखळीत सगळ्यात जास्त सामने जिंकून प्लेऑफमध्ये आले आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित मायामीकडून बाहेर. पत्रकाराने विचारलं, हा मोसम अपयशी म्हणायचा का? यानिस आधी वैतागला. मग उलट विचारलं, तुम्हाला दरवर्षी बढती मिळते का? मिळाली नाही तर ते वर्ष फुकट गेलं का? जॉर्डन पंधरा वर्षं खेळला, सहा विजेतेपदं जिंकला, मग उरलेली नऊ वर्षं अपयश?

लोकांनी डोक्यावर घेतलं. मला मात्र ते अर्धंच पटलं.

---

तिरपागडा

मला पावही नाही पटलं. अव्वल मानांकित संघ पहिल्या फेरीत हरला तर ते अपयशच. जॉर्डनला विचारलं असतं तर त्यानेच ती नऊ वर्षं अपयश म्हटली असती, आणि म्हणूनच सहा जिंकला. मापदंड उंच ठेवायचा आणि पोहोचलो नाही की मापदंडाची व्याख्याच बदलायची, ही चलाखी झाली.

---

नेत्रपल्लवी

तिरपागडा, जॉर्डन काय म्हणाला असता हे तुम्ही जाहिरातीवरून तर ठरवत नाही ना? :)

गंभीरपणे: यानिस अपयश नाकारत होता असं मला वाटत नाही. एक शब्द अख्ख्या वर्षावर चिकटवायला त्याचा विरोध होता. तो बोलला हरल्यानंतर लगेच, पडेल आवाजात, आणि मागच्या वर्षीही तुम्ही हेच विचारलं होतं हे त्या पत्रकाराला आठवण करून देऊन. तेही सोयीचं बोलणं म्हणायचं?

आणि दुसरं टोक बघा. नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, म्हणजे याहून वर काही नाही. नंतर त्याने अनेकदा सांगितलंय की त्या पदकानंतर मोठी पोकळी जाणवली, पुढे काय हेच कळेना. मापदंड फक्त पदकाचा असेल तर तो गाठल्यावरही माणूस कोसळतो. हे जिंकलेल्याने सांगितलं म्हणून ऐकून घेतलं जातं, एवढंच.

---

पळता_भुई

बिंद्राचं हे मी मुलांच्या पालकांना सांगतो. मुलांना नाही. मुलांना ते कळत नाही, पालकांना कळायला हवं.

---

मंदगती

जलतरणपटू फेल्प्स राहिला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला गॉगलमध्ये पाणी शिरलं, काही दिसेना, हात मोजत पोहला. सुवर्ण आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम. आणि बाहेर येऊन नाराज, वेळ याहून चांगली हवी होती म्हणून! तेव्हा हे ऐकून आपण वा वा केली. पुढे त्यानेच नैराश्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं तेव्हा ती 'वा वा' जरा घशात अडकली. सुवर्ण आणि विश्वविक्रम यांवर न भागणारी भूक पाण्यात कामाची असेल, पाण्याबाहेर तिचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

---

राखीव_खेळाडू

धागा मला वाटला त्यापेक्षा खोल गेला. जेमिमा रॉड्रिग्जचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. ३० ऑक्टोबर २०२५, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या थोडंच आधी कळलं. नाबाद १२७ करून सामना काढला. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. नंतर ती बोलली ते चिंतेने ग्रासलेल्या दिवसांबद्दल, रडण्याबद्दल, कुणी कुणी सांभाळून घेतलं त्याबद्दल. 'मी मानसिकदृष्ट्या कणखर आहे' हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

आता नेत्रपल्लवी यांच्या चिलखताच्या मुद्द्यावरून एक विचारतो. उत्तरं साचेबद्ध येतात त्याला प्रश्नही तितकेच जबाबदार नाहीत का? 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला 'छान वाटतंय' याखेरीज काय येणार? माइक तुमच्या हातात दिला तर कुणाला काय विचाराल?

---

तिरपागडा

मी विचारीन, यातलं कुठलं वाक्य तुम्ही स्वतः लिहिलंत? मग माइक काढून घेतील.

---

पळता_भुई

मी ड्युप्लांटिसला विचारीन. पोल व्हॉल्टचा विश्वविक्रम तो एकेक सेंटिमीटरने वाढवतो, २०२० मध्ये ६.१७, सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला ६.३०. प्रत्येक विक्रमाला बक्षीस असतं, तेव्हा त्यात व्यवहारही आहे, तो चुकीचा नाही. पण सरावात आडवी काठी कुठे ठेवता, हे विचारायला आवडेल. आमच्या मुलांना 'उद्या थोडंच जास्त' हे पटवणं फार कठीण जातं. सगळ्यांना एकदम अर्धा मीटर हवा असतो.

---

नेत्रपल्लवी

मी हरलेल्या खेळाडूला त्या दिवशी काहीच विचारणार नाही. दोन दिवसांनी फोन करीन. वर्तमानपत्राला ते परवडणार नाही, माहितीये.

---

मंदगती

माझा प्रश्न साबळेला. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. ८:०९ च्या खाली पुढचा सेकंद कुठून काढणार? अडथळ्यावरून, पाण्यातून बाहेर पडताना, की शेवटच्या फेरीत? उत्तर तांत्रिक असेल आणि चॅनेलवाले ते कापून टाकतील. मला मात्र ते पूर्ण ऐकायचंय.

---

आडवाटेचा

पाण्यातून बाहेर पडताना, असा माझा अंदाज. थकलेल्या पायांनी सातव्यांदा पाण्यात उतरल्यावर लय परत पकडायला किती पावलं जातात ते चित्रफीत थांबवून मोजता येईल. पॅरिसची अंतिम फेरी कुणाकडे पूर्ण आहे का? दुवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.